पडवी मिटताना

आमच्या आईनं आयुष्यात कुठलंच काम वेळेवर केलं नाही. बस चुकवायची, दूध उतू घालवायची, आणि कुणाकडे जेवायला बोलावलं असेल तर बाकीचे हात धुवायला उठले की आम्ही पोचायचो. फक्त एका कामात ती सगळ्यांच्या पुढे, ते म्हणजे गाडीची पडवी मिटणं. बाबा उजव्या दांड्यापाशी उभे राहून विचारायचे, "झालं का गं?" आणि डावीकडून उत्तर यायचं, "कधीचं!" त्या 'कधीचं'मध्ये असा काही तोरा असायचा की बाबांनी कपाळाला हात लावलाच पाहिजे. अशी ही माझी उशिराची आई, गेली मात्र सगळ्यांच्या आधी.

पडवी म्हणजे काय ते आधी सांगते. बाबांनी निवृत्त झाल्यावर सामान वाहायची एक जुनी बंद गाडी घेतली आणि तिचं राहतं घर केलं. दोन बिछाने, एक शेगडी, हात धुवायला इवलंसं भांडं, आणि गाडीच्या अंगाला गुंडाळून ठेवलेलं कापडी छत. नळीवरून उलगडत ते बाहेर येतं, दोन दांड्यांवर ताणून बसतं आणि खाली दोन खुर्च्या मावतील एवढी सावली होते. विकणारा त्याला ऑनिंग म्हणाला. आई म्हणाली, "म्हणजे पडवीच की!" तेव्हापासून ती पडवी. तळ्याकाठी अशा गाड्या लावायचं एक मैदान आहे. तिथे कडेच्या झाडापाशी दोघांनी गाडी लावली आणि वर्षातले बरेचसे महिने तिथेच राहू लागले. मूळचं कापड उन्हानं विरलं, तेव्हा आईनं नवं शिवलं. ती जन्मभर पडद्यांच्या कारखान्यात मशीनवर बसलेली. जाड कापडाच्या तीन पट्ट्या, दुहेरी शिवण, शिवणीवरून मेणाचा हात. ते कापड अंगणात पसरलं होतं तेव्हा आम्हाला दोन दिवस त्याच्या कडेकडेनं चालावं लागलं होतं.

आई गेली थंडीत. त्यानंतर बाबा तिथेच राहिले, पडवी न उघडता, बंद गाडीत. दादाला ते बघवेना. त्यानं घरातली मागची खोली रिकामी केली, पलंगाला नवी गादी आणली, आणि बाबा 'नाही' म्हणाले.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," दादा फोनवर माझ्यावर चिडला, जणू पीळ मीच घातला होता. "एकट्यानं राहायचं म्हणतात. उद्या वारा सुटला, छत उडून शेजारच्या गाडीवर पडलं, कुणाला लागलं, मग?"

हा प्रश्न काही उगाच नव्हता. मैदानाच्या राखणदारानंही बाबांना तेच बजावलं होतं. छत ज्याला एकट्याला सांभाळता येत नाही, त्यानं इथे एकटं राहू नये. बाबा त्याच्यावर रागावले नाहीत. उलट म्हणाले, "बरोबर आहे. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो." मग त्यांनीच तोड काढली. मी सुट्टी घेऊन आठवडाभर त्यांच्याकडे राहायचं. पडवी रोज उघडायची, रोज मिटायची, पाऊसवाऱ्यातून सांभाळायची, सगळं बाबांनी एकट्यानं. जमलं, तर ते राहतील आणि दादा पुन्हा मागच्या खोलीचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर ते सामान बांधतील.

"आणि तू हात लावायचा नाहीस," दादानं मला तंबी दिली. "तुझं मन लोण्याचं आहे. मदत करशील आणि मला सांगशील, त्यांनीच केलं."

मला राग आला, कारण त्याचं खरं होतं.

*

पहिले दिवस असे गेले की मी दादाला फोन करून नाक खाजवायलाही फुरसत न देता बाबांचं कौतुक ऐकवलं. त्यांनी पडवी उघडली ती एकेक इंच. या दांड्यापाशी थोडं, मग चालत जाऊन त्या दांड्यापाशी थोडं. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, पायऱ्या पाठ करताहेत.

"आपला हात जगन्नाथ," मी म्हटलं.

"तू बोलू नकोस, बडबडे. पंचानं बोलायचं नसतं."

मग त्यांनी मला एकेक गोष्ट दाखवली. पाहुण्याला घर दाखवावं तशी. पावसाच्या दिवसात एक दांडा दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर खाली ठेवायचा, म्हणजे पाण्याला वाट मिळते. दोन्ही सारखे ठेवले तर कापडाला मधोमध पोट सुटतं, त्यात पाणी साठतं, आणि एक पोट भरलं की दांडे वाकलेच म्हणून समजायचं. छतावरून दोन रुंद पट्टे टाकायचे आणि ते जमिनीत मेखांना बांधायचे. मेख सरळ नाही ठोकायची, गाडीकडे झुकलेलीही नाही, तर पट्ट्याच्या ओढीच्या उलट तिरकी. पट्ट्याच्या टोकाला स्प्रिंग. "वाऱ्याला थोडं द्यावं लागतं," बाबा म्हणाले. "अजिबात न देणारा मोडतो." कापड दांड्याला जिथे टेकतं तिथे चिमटे, कारण फाडतो तो वारा नव्हे, फडफड. आणि ओलं कापड मिटलं तर ऊन पडल्याबरोबर पुन्हा उघडून वाळवायचं, नाहीतर बुरशी.

"आणि वारा वाढला तर?" मी विचारलं.

"तर हे सगळं विसरायचं आणि मिटायचं. वाऱ्याशी पैज नाही लावायची. पाऊस तरी सांगून येतो."

पाऊस खरंच सांगून आला. आधी तळ्यापलीकडची टेकडी पुसली गेली, मग पाण्यावर बारीक काटा उठला, मग छतावर ताशा. आम्ही पडवीत बसलो होतो. मी आईच्या खुर्चीत बसले नव्हते, बाबांच्या पायाशी उपड्या बादलीवर बसले होते. आईची खुर्ची तशीच बाबांच्या उजव्या हाताला, रिकामी. पाणी खालच्या दांड्याकडून एका धारेत पडत होतं आणि आमच्या अंगावर शिंतोडाही नव्हता. मधल्या शिवणीकडे बघत बाबा म्हणाले, "एक थेंब नाही येत तिच्या शिवणीतून. बघ." मी बघितलं. त्यांचा चेहरा इतका निवांत झाला होता की आई गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. मला तेव्हाच कळलं, की हा माणूस तळ्यासाठी इथे राहत नाहीये. मागच्या खोलीत नवी गादी असेल, पण डोक्यावर आईनं शिवलेलं छप्पर नसेल. बाबांना त्या कापडाखाली म्हातारं व्हायचं होतं. मनातल्या मनात मी दादाशी पुरतं भांडून घेतलं आणि जिंकले.

बाबांच्या जुन्या कामाबद्दल सांगायचं राहिलं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच इमारतींच्या लिफ्टा. त्या कामाला नेहमी दोन माणसं लागतात. एक वर यंत्राच्या खोलीत, दुसरा लिफ्टच्या टपावर अंधारात. वरच्यानं कळ दाबायची, पण खालच्याचा आवाज आल्याशिवाय नाही. दिसत काही नाही, म्हणून आवाजच सगळं. बाबांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला पहिला धडा हाच असे, की समोरून उत्तर आल्याशिवाय हात हलवायचा नाही, मग वर आग लागू दे. त्यांच्या हातून कधी कुणाच्या बोटालाही इजा झाली नाही.

पण ही शिस्त घरी आली की आमचा जीव खाई. कपाट सरकवायचं असलं तरी चौघांनी चार कोपऱ्यांतून हुंकार दिल्याशिवाय कपाट हलायचं नाही. दादा लहानपणी मुद्दाम गप्प राही, तर बाबा कपाट हातात धरून तसेच उभे. आई हसून हसून भिंतीला टेकायची. पडवीचंही तेच. नळीच्या पोटात ताणलेली स्प्रिंग असते आणि ती आवरून धरायला दोन्ही दांड्यांवर एकेक फिरकी, म्हणजे पिळून घट्ट करायची मूठ. एका बाजूची फिरकी सुटली आणि दुसरी घट्टच राहिली, तर नळी पिळवटते आणि दांडा झटका देतो. म्हणून दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, एका वेळी सोडायचं. झालं का गं? कधीचं!

*

वारा आला तो जेवण झाल्यावर, लख्ख उजेडात. मी आत भांडी विसळत होते. खिडकीसमोरच्या झाडाची पानं एकदम उलटी झाली, पांढरी पोटं दाखवत. शेजारच्या गाडीपाशी वाळत घातलेला टॉवेल दोरीसकट गेला. मी ओले हात घेऊन दारात आले, तर बाबा माझ्या आधीच उठलेले.

"बाबा..."

"पंच," ते म्हणाले. हसले सुद्धा. "बघ आता."

आणि मी बघितलं. काय सांगू, कसं नेटकं काम होतं ते! आधी खुर्च्या मिटून गाडीखाली सरकवल्या. चिमटे काढून खिशात. मग वाऱ्याच्या बाजूचा पट्टा शेवटी सोडायचा म्हणून आधी दुसरा सोडला, मग हा. घाई नाही, धांदल नाही. सत्तरी उलटलेला माणूस आणि एक हालचाल वाया नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. पाय पुढे जात होते आणि मी त्यांना मागे ओढत होते. पट्टे सुटले की मिटेपर्यंतचा जो वेळ असतो, तो सगळ्यात वाईट. छताला तेव्हा कुणाचाच धाक नसतो. बाबांनीच सांगितलं होतं मला. त्या वेळात एक क्षण रेंगाळायचं नाही, या दांड्याला थोडं, त्या दांड्याला थोडं, भराभर.

बाबा उजव्या दांड्यापाशी गेले. फिरकीवर हात ठेवला. कापड वर उचललं गेलं, धप्पकन खाली आलं. आणि त्या गदारोळात, डावीकडे तोंड करून, चांगल्या खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं,

"झालं का गं?"

आणि थांबले.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आईची खोड तर ती गेल्यावरही गेली नव्हती, ती बाबांच्या हातात राहिली होती. चार दिवस निवांत वाऱ्यात त्यांनी डोक्यानं काम केलं. आज घाईची वेळ आली आणि डोकं बाजूला झालं, हात पुढे आले. आणि हातांना एकच गोष्ट ठाऊक होती. ते फिरकी धरून, मान किंचित वाकडी करून, कान देऊन उभे होते. चेहऱ्यावर गोंधळ नव्हता, दुःख नव्हतं. नुसती वाट बघणं होतं. रोजच्यासारखं, थोडंसं वैतागलेलं.

"बाबा!" मी ओरडले आणि धावले. कुठे धावू तेच कळेना, त्यांच्याकडे की डाव्या दांड्याकडे. माझा आवाज त्यांना पोचला नाही, की त्यांना तो हवा असलेला आवाज नव्हता, मला माहीत नाही. ते हलले नाहीत. पुढचा झोत छताच्या खालून आला. कापड फुगलं, ताठ झालं, आणि असा आवाज झाला की झाडावरचे पक्षी उडाले.

मी पोचले तेव्हा कापड नळीला अर्धं लटकत होतं आणि उरलेलं अर्धं गाडीच्या टपावर आपटत होतं. राखणदार पळत आला, शेजारचे दोघं आले, सगळ्यांनी मिळून ते ओढून खाली घेतलं. कुणाला लागलं नाही. सगळं शांत झाल्यावरही बाबांचा हात फिरकीवरच होता. मी तो हात धरला तेव्हा ते माझ्याकडे वळले, आणि मला बघून त्यांना सगळं आठवलं. आई नाही हे त्यांना त्या क्षणी पुन्हा पहिल्यांदा कळलं. दवाखान्यात रडला नव्हता तो माणूस. तिथे, लोकांदेखत, गाडीला पाठ टेकून रडला, आणि मी त्यांच्या खांद्याला धरून, त्यांच्याहून मोठ्यानं.

*

संध्याकाळी आम्ही कापड गाडीत बिछान्यावर पसरलं. बाबांनी चष्मा लावून सगळ्या कडा बोटांनी तपासल्या.

"शिवण कुठे सुटली नाही," ते म्हणाले. "हे बघ. शिवणीच्या शेजारून फाटलंय. शिवण तशीच आहे."

"पुन्हा शिवता येईल."

"शिवणारी कुठे आहे?"

मी फाटलेल्या कडा जुळवून बघितल्या. मग म्हटलं, "बाबा, दादाला मी सांगते, सगळं ठीक झालं. वारा फार होता, कुणाचंही फाटलं असतं. राखणदारालाही मी समजावते. पुढच्या वेळी लक्षात ठेवाल तुम्ही."

बाबांनी कापडाची घडी घालायला घेतली. कड कडेला जुळवून, आई घालायची तशी.

"माझ्या हाताखाली एक जण होता," ते म्हणाले. "चांगला कारागीर. त्याचा जोडीदार निवृत्त झाला. नवा आला, तर हा जुन्याच्याच नावानं हाका मारायचा. चूक काहीच नव्हती त्याची. पण मी त्याला त्या कामावरून काढलं. वर्कशॉपमध्ये बसवलं. रडला होता बिचारा." त्यांनी घडीवरून हात फिरवला. "जो माणूस नसलेल्याच्या आवाजासाठी थांबतो, त्याला एकट्याला वर ठेवायचं नसतं. मग तो मी का असेना."

"बाबा, पण तुम्हाला इथेच राहायचंय ना?"

"हो," ते म्हणाले. "फार."

आणि त्यांनी दादाला फोन लावला, स्वतःच. "येतोय रे," एवढंच म्हणाले. पलीकडून दादा काही बोलेना. जिंकलेला माणूस इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता.

*

सकाळी हवा स्वच्छ होती. तळं असं पडलं होतं जणू काल ते इथे नव्हतंच. सामान भरून झालं, आईची खुर्ची गाडीत चढली. गाडी हलवायच्या आधी नुसते दांडे मिटून गाडीच्या अंगाला बसवायचे होते. कापड नव्हतं, वारा नव्हता, पण स्प्रिंग होतीच. बाबा सवयीनं उजवीकडे गेले. डावीकडे मी गेले. आता मला कोण अडवणार होतं?

मी आजवर त्या बाजूला कधी उभी राहिले नव्हते. ती आईची जागा. फिरकी धरली आणि फिरवली. हलेना. दोन्ही हातांनी धरली. हलेना. ओढणी, रुमाल, जे मिळेल ते गुंडाळून जोर केला, तळव्याला वळ उठले, तरी फिरकी म्हणजे आमच्या घराण्याचा हट्ट.

"झालं का गं?" पलीकडून आवाज आला.

"कसलं झालं! बाबा, ही फिरतच नाही! गंजलीये का?"

"नाही. पहिल्यापासून तशीच आहे ती."

"मग आईला कशी फिरायची?" आईची बोटं शेवटी शेवटी सुजलेली असायची. सुईत दोरा ओवायला ती माझ्याकडे द्यायची.



"नाही फिरायची," बाबा म्हणाले. "आधी म्हणायची, मग करायची. 'कधीचं' म्हणून मोकळी व्हायची आणि मग झगडत बसायची तिच्याशी. मला ऐकू यायचं सगळं. दात-ओठ खाणं, फिरकीला शिव्या घालणं. मग कट् असा आवाज यायचा. तो आला की मी माझी सोडायचो."

मी फिरकीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. म्हणजे इथेही तिला उशीरच व्हायचा. एवढी वर्षं, दर वेळी.

"तुम्ही तिला कधी बोलला नाहीत?"

"कशाला? तेवढ्या एका कामात पहिली यायची ती."

"अहो, पण तुम्ही लिफ्टवाले ना? दोन थेंब तेल घातलं असतं तर?"

"घातलं असतं," बाबा म्हणाले, "तर तिला कळलं असतं, की मला माहीत आहे."

मला पुढचं काही दिसेना. डोळे बाहीला पुसले आणि पुन्हा फिरकी धरली. ती केसभर हलली, मग अडली. पलीकडे बाबांनी घसा साफ केला. मला माहीत होतं ते आता काय विचारणार, आणि त्यांनाही ते विचारणं जड जात असावं, कारण आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

"झालं का गं?"

माझी फिरकी अजून अर्धीसुद्धा फिरली नव्हती. छातीत होता नव्हता तेवढा तोरा गोळा करून मी ओरडले, "कधीचं!"

बाबांच्या बाजूनं कसलाच आवाज आला नाही. ते थांबले होते, त्या 'कट्'साठी.